शिलाई मशीनलाही माप असते

आमच्या शाळेत दरवर्षी आठवी-नववीच्या वर्गातून काही मुले अचानक यायची थांबतात. चौकशीला आम्ही घरी जातो. कुठे लग्न, कुठे गावी जाणे, कुठे अभ्यासाचा कंटाळा अशी कारणे असतात. पण एक कारण पुन्हा पुन्हा ऐकू येते : "अब्बूंची कंबर गेली, सर. आता कारखान्यात मीच जातो."

हे अब्बू म्हातारे नसतात. चाळीस-पंचेचाळीसचे असतात. कुणी शिलाई मशीनवर वीस वर्षे बसलेला असतो, कुणी मागावर उभा राहिलेला, कुणी मार्केटमध्ये गोण्या वाहिलेला. अपघात झालेला नसतो, कुठून पडणे झालेले नसते. रोज थोडेथोडे झिजत शरीर एक दिवस नकार देते. मग घरातली कमाई थांबते आणि तिच्या जागी मुलाला उभे केले जाते. मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न असा कित्येकदा वडिलांच्या कमरेपाशी येऊन अडतो.

मशिदीतल्या मागच्या सफमध्ये पाहा. खुर्चीवर बसून नमाज पढणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्या खुर्च्यांवर सगळे सत्तरीचे बुजुर्ग नसतात. पन्नाशीही न गाठलेली माणसे असतात. त्यांना विचारले तर उत्तर येते, "उमर झाली," किंवा "नशीब." पण त्यांचे काम विचारा. बहुतेकांच्या गुडघ्याचे आणि कमरेचे उत्तर त्या कामात सापडते.

ही गोष्ट नवी नाही. इटलीतील मोदेना शहरात १७०० साली बर्नार्दिनो रामात्सिनी या डॉक्टरांनी कारागिरांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शिंपी, विणकर, पाव भाजणारे, दिवसभर लिहिणारे कारकून अशा अनेक धंद्यांतली माणसे त्यांनी कामाच्या जागी जाऊन पाहिली. त्यांनी दुखण्याची दोन मोठी कारणे सांगितली : एक, धूळ-धूर-रसायने, आणि दुसरे, शरीराला न मानवणारी बैठक व हालचाल. डॉक्टरांनी रोग्याला इतर प्रश्नांबरोबर "तुझे काम काय?" हाही प्रश्न विचारला पाहिजे, हा आग्रह त्यांचाच. पुढे १८५७ मध्ये पोलंडच्या एका शास्त्रज्ञाने ग्रीक भाषेतले 'काम' आणि 'नियम' हे दोन शब्द जोडून या विद्येला नाव दिले. त्यालाच आज आपण एर्गोनॉमिक्स म्हणतो. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे : माणसाला कामाच्या मापात कोंबू नका, काम माणसाच्या मापाचे करा.

आपले टेलर भाई गल्लीतल्या प्रत्येकाचे माप घेतात. खांदा किती, छाती किती, बाही किती. पण ज्या स्टुलावर ते स्वतः रोज दहा तास बसतात त्याची उंची कुणी मोजलेली नसते. दुकानात जे स्टूल आधीपासून होते तेच.

शरीर झिजते कसे?

आपल्या डोक्याचे वजन साधारण पाच किलो असते. मान ताठ असते तेव्हा हे वजन मणक्यांवर सरळ तोलले जाते. मान पुढे झुकली की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते आणि त्यांच्यावरचा ताण कित्येक पटींनी वाढतो. भरलेली बादली अंगाजवळ धरून पाहा आणि मग हात लांब करून धरून पाहा. वजन तेवढेच, पण लांब धरलेली बादली दोन मिनिटांत हात भरून आणते. मान आणि कंबर यांचे गणित हेच आहे.

मणक्यांच्या मध्ये मऊ गाद्या असतात. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात या गादीत सुई घालून वेगवेगळ्या स्थितींत तिच्यावर किती दाब येतो, हे प्रत्यक्ष मोजले. पाठीवर पडून राहिल्यावर दाब कमी, उभे राहिल्यावर त्याहून जास्त आणि कमरेत वाकून वजन उचलताना फार जास्त, असे त्यात दिसले. एकदा वाकल्याने गादी बिघडत नाही. पण दिवसातून दोनशे वेळा, वर्षातून तीनशे दिवस, असे वीस वर्षे झाले की तिची झीज होते.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वाकडी बैठक, तीच ती हालचाल आणि विश्रांती न मिळणे. यातली एकच असेल तर शरीर सांभाळून घेते. तिन्ही एकत्र आल्या की दुखणे ठरलेले.

मशीन, अड्डा आणि माग

शिलाईकाम करणाऱ्यांनी आधी बसण्याची उंची पाहावी. खांदे सैल सोडून कोपर वाकवला की हात मशीनच्या टेबलाच्या पातळीला किंवा जरासे वर यावेत. खांदे उचलून शिवावे लागत असेल तर स्टूल बुटके आहे, वर जाड उशी घाला. पाठ टेकायला आधार असलेली खुर्ची स्टुलापेक्षा केव्हाही चांगली. खुर्चीच्या मागच्या बाजूला घडी घातलेली चादर ठेवली की बैठक किंचित पुढे उतरते आणि कंबर आपोआप सरळ राहते. मशीनच्या मागच्या पायांखाली पातळ फळ्या पक्क्या बसवल्या, तर टेबल थोडे आपल्याकडे कलते आणि सुईकडे पाहायला मान कमी झुकवावी लागते. पायपट्टी फार जवळ नसावी. ती इतकी पुढे असावी की पाय मोकळा राहील. उजेड सुईवर पडावा, डोळ्यांवर नाही. कापड बेतायचे टेबल कमरेच्या वर, कोपराच्या थोडे खाली असावे. जमिनीवर गुडघे टेकून बेतणे बंद करावे. आणि कात्रीला वेळेवर धार लावून घ्यावी. बोथट कात्री अंगठ्याकडून दुप्पट जोर मागते.

जरी आणि आरीकाम करणारे कारीगर अड्ड्यासमोर मांडी घालून, मान खाली घालून तासन्‌तास बसतात. अनेक घरांत आपल्या बहिणी आणि मुलीही हे काम करतात. अड्डा दोन विटांनी उंच केला तरी मान बरीच वर येते. बुडाखाली जाड उशी घेतली की गुडघे कमरेपेक्षा खाली जातात आणि मांडीतल्या शिरांवरचा दाब कमी होतो. दर अर्ध्या तासाने मांडी मोडून पाय लांब करावेत आणि दूरवर, खिडकीबाहेर पाहावे. डोळ्यांनाही विश्रांती लागतेच.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर प्रश्न बसण्याचा नसून उभे राहण्याचा आहे. बारा तासांची पाळी, सिमेंटची जमीन, एका मागाकडून दुसऱ्याकडे येरझाऱ्या आणि तुटलेला धागा सांधायला पुन्हा पुन्हा वाकणे. पायांच्या शिरा फुगतात, टाचा दुखतात. पातळ स्लिपरऐवजी जाड तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालावेत. जिथे जास्त वेळ उभे राहावे लागते तिथे जाड रबरी चटई अंथरावी. धागा सांधताना कमरेतून वाकण्याऐवजी एक पाय पुढे घेऊन गुडघा वाकवावा. कापडाचा तागा एकाच खांद्यावर रोज न नेता हातगाडीवर न्यावा.

आणि कान! हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाचे नुकसान करतो आहे. मागाच्या आवाजाने गेलेले ऐकणे परत येत नाही. कानात घालायचे फोमचे बोळे थोडक्या पैशांत मिळतात. ते वापरणाऱ्याला हसू नये.

ओझे उचलणाऱ्यांसाठी

जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली की एका प्रौढ पुरुषाने उचलायचे ओझे ५५ किलोपेक्षा जास्त असेल, तर ते कमी करण्यासाठी लवकरात लवकर पावले उचलावीत. अमेरिकेतील संशोधकांचा हिशेब आणखी कडक आहे. ओझे अगदी अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, पकड चांगली, अशी सगळी परिस्थिती अनुकूल असली तरी ते २३ किलोपासून सुरुवात करतात आणि परिस्थिती बिघडेल तसा आकडा खाली आणतात. आता आपल्या घरातला गॅसचा सिलिंडर घ्या. आत १४.२ किलो गॅस आणि रिकाम्या टाकीचे वजन साधारण तेवढेच. म्हणजे भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास. तो आपल्या घरात बहुधा बाईच एकटीने ओढते.

उचलण्याची रीत अशी : ओझ्याच्या अगदी जवळ उभे राहा, पायांत अंतर ठेवा, गुडघे वाकवा, ओझे पोटाशी धरा आणि पायांच्या जोरावर उठा. वळायचे असेल तर पाय वळवा, कंबर पिळू नका. उचलत असतानाच पिळणे सर्वांत घातक. आणि जे ढकलता येते ते उचलू नका, जे दोघांत उचलता येते ते एकट्याने उचलू नका. मदत मागण्यात मर्दपणा कमी होत नाही.

स्वयंपाकघर : सर्वांत मोठा कारखाना

घरातले काम मजुरीत मोजले जात नाही, म्हणून त्याने होणारे दुखणेही कुणी मोजत नाही. रमजानमध्ये तर सहरीपासून इफ्तारपर्यंत आमच्या माता-भगिनी किती तास उभ्या असतात, याचा हिशेब घरातल्या पुरुषांनी एकदा करावा.

ओट्याची उंची हा पहिला मुद्दा. चिरणे-लाटणे यासाठी ओटा कोपरापेक्षा साधारण चार बोटे ते वीतभर खाली असावा. कणीक मळायला जोर लागतो, म्हणून ती जागा आणखी खाली हवी. बांधणारा मिस्त्री सगळीकडे एकच माप लावतो. सासू बुटकी, सून उंच, ओटा एकच. बुटक्या बाईने पायाखाली रुंद, न डगमगणारा पाट घ्यावा. उंच बाईने पोळपाटाखाली जाड फळी ठेवावी. कणीक परातीत घेऊन बुटक्या टेबलावर मळावी. बराच वेळ उभे राहायचे असेल तर एक पाय बुटक्या पाटावर ठेवावा आणि मधूनमधून पाय बदलावा. याने कमरेला खरोखर आराम पडतो.

रोजची जड भांडी डोक्यावरच्या फळीवर नकोत आणि ओट्याखाली अगदी आतही नकोत. कमरेपासून छातीपर्यंतची जागा जड वस्तूंसाठी, वरची-खालची जागा हलक्या वस्तूंसाठी. वीस लिटरच्या जारमध्ये वीस किलो पाणी असते. तो उचलून वाकवण्यापेक्षा नळ असलेली टाकी ठेवावी आणि ती लहान भांड्याने भरावी. एका हातात भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या न्याव्यात. फरशी पुसायला लांब दांड्याचा पोछा घ्यावा. उकिडवे बसून रोज घर पुसणे पन्नाशीच्या गुडघ्यांना परवडत नाही.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट सुन्न होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातली शीर दबते आहे, असे समजावे. लाटणे, पिळणे, शिवणे अशा मनगट वाकवून केलेल्या कामांनी हे वाढते. मधुमेह आणि थायरॉईड असलेल्या बायकांत ते जास्त आढळते. लवकर दाखवले तर बहुधा पट्टी आणि विश्रांतीवर भागते. उशीर केला तर बोटांची ताकद जाते.

बकरी ईदच्या दिवशी हात कापून घेण्याचे प्रकार आपण सगळे पाहतो. त्यातले बरेच बोथट सुरीने होतात, कारण बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती निसटते. सुरीला आदल्या दिवशी धार लावा. चरबीने निसरडी झालेली मूठ सारखी पुसा. कापताना दुसरा हात पात्याच्या वाटेत ठेवू नका. पाणी-रक्त सांडलेल्या जागी लहान मुलांना येऊ देऊ नका.

वजूची जागा आणि ओढणीचे टोक

घरातले बुजुर्ग सर्वांत जास्त कुठे घसरतात? ओल्या फरशीवर. वजू करताना पाय उचलून बेसिनमध्ये ठेवायचा म्हणजे ओल्या जागी एका पायावर तोल सांभाळायचा. साठीनंतर हे करू देऊ नये. खाली एक नळ, समोर पक्के स्टूल, पायाखाली रबरी चटई आणि भिंतीत घट्ट बसवलेली एक दांडी, एवढी व्यवस्था एका दिवसात होते. फजरच्या वेळी उठणाऱ्यांसाठी बिछान्यापासून मोरीपर्यंत लहान दिवा जळत राहू द्या. म्हातारपणी मोडलेले खुब्याचे हाड माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते. त्यापुढे या दांडीचा खर्च काहीच नाही. मशिदीच्या कमिटीनेही हौजाजवळ बुजुर्गांसाठी उंच बैठका आणि धरायला दांड्या केल्या तर दुआ मिळतील.

मोटारसायकलवर मागे बसताना बुरखा किंवा ओढणीचे टोक चाकात अडकून जीव गेल्याच्या बातम्या येतात. बसण्याआधी कपडा आवरून मांडीखाली घ्यावा आणि चाकावर जाळी बसवून घ्यावी. शिलाई मशीनच्या मोटरचा पट्टा, पिठाची गिरणी, माग यांच्याजवळही हीच काळजी. पट्टा उघडा ठेवू नये.

मुलांची पाठ आतापासूनच

२०२० च्या राष्ट्रीय धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. तीस किलोच्या मुलाला तीन किलो. घरच्या वजनकाट्यावर एकदा दप्तर ठेवून पाहा. वेळापत्रकाप्रमाणे वह्या भरल्या आणि अनावश्यक वस्तू काढल्या तरी फरक पडतो. दप्तर दोन्ही खांद्यांवर, पाठीला चिकटून असावे.

मूल जमिनीवर पालथे पडून अभ्यास करते ते सोडवा, बुटके डेस्क द्या. कुरआन पढताना रेहल फार खाली असेल तर मूल तासभर मान मोडून बसते. रेहलखाली फळी किंवा चौरंग ठेवून ती छातीच्या उंचीला आणा. आदबही राहतो आणि मानही. आणि मोबाईल? तो डोळ्यांसमोर धरावा, मांडीवर नाही.

"पण थांबायला वेळ कुठे आहे?"

नगावर मजुरी मिळणारा कारीगर हा प्रश्न विचारतो आणि तो रास्त आहे. म्हणून हिशेबच मांडू. आठ तासांच्या कामात दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठले, तर दिवसाला बत्तीस मिनिटे जातात. कंबर धरून सहा दिवस घरी पडावे लागले तर अठ्ठेचाळीस तास जातात. बत्तीस मिनिटांच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस तास म्हणजे पूर्ण नव्वद दिवसांची विश्रांती. एका आठवड्याच्या दुखण्यात तीन महिन्यांच्या विश्रांतीचा वेळ वाया जातो. शिवाय ती दोन मिनिटे रिकामी घालवायची गरज नाही. दोरा आणणे, कापडाची घडी करणे, पाणी पिणे ही कामे उभे राहून करायची. तीच विश्रांती.

दुखणे सुरू झालेच तर मेडिकलमधून गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नयेत. वेदनेच्या गोळ्या सतत घेतल्या तर पोटात जखम होते आणि किडनीवर परिणाम होतो. साध्या कंबरदुखीत दिवसेंदिवस पडून राहणेही चांगले नाही. झेपेल तेवढे चालत-फिरत राहिलेले बरे. पण पाय सुन्न पडणे, पायातली ताकद जाणे, कळ गुडघ्याच्या खाली उतरणे, कंबरदुखीबरोबर ताप येणे, यात डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरता आली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे. अशा वेळी मालिश करून घेऊ नये. डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी विचारले नाही तरी आपले काम सांगावे : किती तास, बसून की उभे, किती वजन.

शेवटी कारखानदार भावांना चार शब्द. कारीगर स्वतःची उशी घरून आणेल, पण टेबलाची उंची, उजेड, पट्ट्यावरची जाळी, हातगाडी आणि पाळीत बसायला मिळणारी दहा मिनिटे त्याच्या हातात नाहीत. ती तुमच्या हातात आहेत. ईदला जोडा आणि मिठाई देता, ते चांगलेच. यंदा त्याबरोबर पाठीला आधार असलेल्या खुर्च्याही द्या. ज्याच्या मेहनतीवर आपली रोजी चालते, त्याचे शरीर ही आपल्याकडेही एक अमानत आहे. तो कारीगर साठीपर्यंत ताठ राहिला, तर त्याचा मुलगा आमच्या वर्गात दहावीपर्यंत राहील.